समुद्राचा रंग कोणता?



सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. समुद्राचा रंग कोणता? पटकन उत्तर द्या, फार विचार करू नका.

"निळा" म्हणालात ना? मीही तेच म्हणालो होतो. नुसतं म्हणालो असतो तर ठीक होतं. पण मी एका आठ वर्षांच्या मुलीच्या हातातला ब्रश काढून घेऊन तिच्या चित्रावर तो निळा रंग स्वतः फासला होता. आजचा लेख त्या चुकीबद्दल आहे. आणि ती चूक ज्याच्यामुळे माझ्या लक्षात आली, त्या क्लोद मोने नावाच्या फ्रेंच चित्रकाराबद्दल आहे. चित्रकला हा माझा विषय नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी साधा डी.एड. झालेला प्राथमिक शिक्षक. पण तुमच्यापैकी अनेकांच्या वर्गात चित्रकलेचा तास तुम्हालाच घ्यावा लागतो, म्हणून हे लिहितोय.

मी आणि समुद्र

माझं गाव मंगळवेढ्याकडचं. ज्वारीचं काळं रान आणि डोक्यावर ऊन. पाणी म्हणजे विहीर, नाहीतर टँकर. डी.एड.ला असताना आम्हाला फलकचित्रं काढायला लावायचे. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली वळण घेत येणारी नदी, एक झोपडी आणि दोन नारळाची झाडं. हे चित्र मी इतक्या वेळा काढलं की आजही डोळे मिटून काढून दाखवीन. त्यातल्या नदीला निळा खडू, झाडाला हिरवा, सूर्याला पिवळा. कोणी कधी विचारलं नाही आणि आम्हीही कधी विचारलं नाही की बाबा, आपल्या गावचा ओढा निळा आहे का?

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो नेमणुकीचा आदेश खिशात घेऊन. एसटीने रत्नागिरी जिल्ह्यात उतरलो. जानेवारीतली दुपार होती. वळणावर गाडी आली आणि खाली निळंशार पाणी पसरलेलं दिसलं. मी खिडकीत तोंड घालून बघतच राहिलो. पुस्तकातलं खरं निघालं, असं वाटलं. तो निळा रंग माझ्या डोक्यात पक्का बसला.

शाळा दुशिक्षकी, खाडीच्या मुखाजवळ. व्हरांड्यात उभं राहिलं की समोर समुद्र. पटावरची बहुतेक मुलं खारवीवाडीतली. वडील होडीवर, आई मासळी विकायला. त्या मुलांना वाऱ्याची दिशा माझ्यापेक्षा आधी कळायची. "गुरुजी, आज मतलय हाय" असं एखादं पोर सहज म्हणायचं. मी त्यांना खारे वारे आणि मतलई वारे पुस्तकातून शिकवत होतो, आणि ती मुलं ते वारे रोज अंगावर घेऊन शाळेत येत होती. हे मला तेव्हा फारसं जाणवत नव्हतं, हे कबूल करतो.

ते चित्र

नोकरीचं चौथं वर्ष. जुलै महिना. केंद्रस्तरीय चित्रकला स्पर्धेसाठी प्रत्येक शाळेने चित्रं पाठवायची होती. विषय होता 'समुद्रकिनारा'. मी म्हटलं, चला, हा तर आपल्या मुलांचा हक्काचा विषय.

सगळ्यांनी निळा समुद्र, पिवळा सूर्य, शिडाची होडी काढली. तिसरीतली एक मुलगी मात्र मागे बसून वेगळंच काहीतरी करत होती. (तिचं नाव इथे लिहीत नाही.) तिने तपकिरी रंगात थोडा काळा आणि बराच पांढरा मिसळून अख्खा कागद भरला होता. वरचं आभाळ करडं, खालचं पाणी मातकट. दोन्हींच्या मध्ये रेघच नव्हती. किनाऱ्यावर होड्या ओढून ठेवलेल्या, त्यांवर ताडपत्री. मला तो नुसता चिखल वाटला.

"अगं, समुद्र असा मातीसारखा असतो का? निळा असतो निळा!"

ती हळूच म्हणाली, "आता तसाच हाय, गुरुजी."

मी ऐकलं, पण ऐकून घेतलं नाही. चित्रं दुसऱ्या दिवशी पोचवायची होती. मी तिच्या हातातला ब्रश घेतला, निळा रंग घट्ट कालवला आणि पाण्यावर फिरवला. वर एक सूर्य काढला. दोन पक्षीही काढले. पाच मिनिटांत चित्र 'सुंदर' झालं.

आता पुढची गोष्ट ऐका. त्या चित्राला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं! परिपाठाच्या वेळी मी तिला पुढे बोलावून प्रमाणपत्र दिलं, मुलांनी टाळ्या वाजवल्या. ती मान खाली घालून उभी होती. मला वाटलं, लाजतेय.

त्यानंतर मात्र एक बदल झाला. चित्रकलेच्या तासाला ती माझ्याकडे यायची आणि विचारायची, "गुरुजी, कुठला रंग देऊ?" पानाला कुठला, कौलाला कुठला, गाईला कुठला. मी सांगायचो आणि ती द्यायची. मला वाटायचं, किती आज्ञाधारक मुलगी आहे. शिक्षक मित्रांनो, आपल्या वर्गातल्या अशा 'आज्ञाधारक' मुलांकडे एकदा नीट बघा, एवढंच सांगतो.

आणि खरं सांगू का? तो ब्रश फिरवत होतो तेव्हा समुद्र माझ्या पाठीमागे होता. दार उघडं होतं. मी नुसती मान वळवली असती तरी मला दिसलं असतं. जुलैतला आपला समुद्र मातकटच असतो. सह्याद्रीवरून धावत येणाऱ्या नद्या डोंगराची माती घेऊन येतात, लाटा तळ ढवळून काढतात आणि वर ढगांचं झाकण असतं. तिने जे काढलं होतं ते पाहून काढलं होतं. मी जे केलं ते पाठांतर होतं.

मोने भेटला

पुढच्या वर्षी जूनमध्ये शाळेच्या पुस्तकपेटीत जगातल्या चित्रकारांची ओळख करून देणारं एक पुस्तक हाती लागलं. चाळता चाळता एका पानावर थांबलो. समुद्रात घुसलेला एक उंच कडा, त्याला हत्तीची सोंड पाण्यात बुडावी तशी कमान. शेजारी तोच कडा पुन्हा. खाली पुन्हा तोच. एकात पाणी हिरवट, एकात करडं, एकात जांभळ्या-गुलाबी छटा. मला आधी हसू आलं. हा माणूस तेच तेच चित्र का काढतोय?

मग रात्री मोबाईलवर शोधून शोधून वाचत गेलो. आणि जे समजलं ते तुम्हालाही सांगतो, कारण मुलांना सांगायला ही गोष्ट फार छान आहे.

मोनेचा जन्म १८४० सालचा, पॅरिसचा. पण तो साधारण पाच वर्षांचा असताना घरचे ल हाव्र या बंदराच्या गावी राहायला गेले. फ्रान्सच्या उत्तरेला नॉर्मंडीचा किनारा आहे, तिथलं हे बंदर. म्हणजे हा पोरगा बंदरातच वाढला. शाळेत त्याचं मन रमत नसे. वहीत मास्तरांची व्यंगचित्रं काढायचा. (आपल्याही वर्गात असतो की नाही एखादा?) पुढे ती व्यंगचित्रं फ्रेम करणाऱ्याच्या दुकानात लागायला लागली आणि विकलीही जाऊ लागली.

त्याच दुकानात युजीन बुदँ या चित्रकाराचीही चित्रं असत. बुदँ दर्यावर्दी घरातला, वयाने सोळा वर्षांनी मोठा. समुद्र, आभाळ, किनाऱ्यावरची माणसं हे त्याचे विषय. त्याने या पोराला म्हटलं, चल माझ्याबरोबर बाहेर, उघड्यावर बसून चित्र काढू. मोने आधी टाळाटाळ करत होता. पण एकदा गेला आणि बुदँ रंगवताना बघितलं, तेव्हा आपले डोळे उघडले असं तो म्हातारपणीसुद्धा सांगायचा. बघा, बुदँने त्याच्या चित्रावर ब्रश फिरवला नाही. तो त्याला बाहेर घेऊन गेला आणि शेजारी बसून स्वतःचं चित्र काढत राहिला. मी हे वाचलं आणि पुस्तक बाजूला ठेवलं. पुढे वाचवेना.

उघड्यावर चित्र काढणं त्या काळी सोपं होऊ लागलं होतं, त्यामागे एक छोटीशी वस्तू आहे. रंगाची ट्यूब! १८४१ मध्ये जॉन रँड नावाच्या एका अमेरिकन चित्रकाराने पिळून रंग काढायच्या धातूच्या ट्यूबचं पेटंट घेतलं. त्याआधी तेलात कालवलेले रंग टिकवून बाहेर नेणं हा मोठा खटाटोप होता. मुलांच्या दप्तरातली ट्यूब हातात घेऊन ही गोष्ट सांगा, त्यांना मजा वाटते.

पाच कॅनव्हास आणि एक लाट

ल हाव्रच्या उत्तरेला एत्रता नावाचं मच्छीमारांचं गाव आहे. पांढऱ्या खडूसारख्या दगडाचे कडे, आणि समुद्राने कोरून काढलेल्या तीन कमानी. माझ्या पुस्तकातला कडा तोच. मोने १८८० नंतरच्या काही वर्षांत तिथे पुन्हा पुन्हा गेला. प्रसिद्ध कथाकार गी द मोपासाँ याने मोनेला तिथे काम करताना पाहिलं आणि १८८६ साली एका लेखात त्याचं वर्णन केलं. मोने किनाऱ्यावरून चाललाय आणि त्याच्या मागे मुलं चाललीत. प्रत्येकाच्या हातात कॅनव्हास. एकाच देखाव्याचे पाच-सहा कॅनव्हास, प्रत्येक वेगळ्या वेळेचा. ऊन बदललं की मोने हातातला कॅनव्हास ठेवायचा आणि दुसरा घ्यायचा. ढग आला की तिसरा. पुन्हा तोच उजेड येईपर्यंत पहिला कॅनव्हास तसाच वाट बघत राहायचा, कधी कधी दुसऱ्या दिवसापर्यंत.

म्हणजे कडा हा त्याचा विषय नव्हताच म्हणा ना. कड्यावर सकाळी नऊ वाजता काय होतं आणि चार वाजता काय होतं, हा त्याचा विषय.

याच एत्रतामध्ये नोव्हेंबर १८८५ मध्ये एक प्रसंग घडला. मानपोर्त नावाच्या सगळ्यात मोठ्या कमानीखाली बसून तो रंगवत होता. भरतीच्या वेळेचा त्याचा अंदाज चुकला. रंगवण्यात इतका गढला की मोठी लाट येताना दिसलीच नाही. लाटेने त्याला कड्यावर आपटलं आणि पाण्यात ओढलं. कसाबसा बाहेर आला. स्टँड गेलं, सामान गेलं, चित्र गेलं. हातातली रंगाची पाटी तोंडावर उलटली आणि दाढी निळ्यापिवळ्या रंगांनी माखली. नंतर पत्रात हे सगळं त्याने कळवलं. जीव वाचला हे खरं, पण चित्र हातचं गेलं आणि आता काम लांबणार, याचा राग त्याला जास्त होता!

पुढच्या वर्षी तो बेल-ईल या बेटावर गेला. तिथला समुद्र खवळलेला, खडक काळे. थोडे दिवस राहायचं ठरवून गेलेला माणूस दोन महिन्यांहून जास्त राहिला आणि चाळीसच्या आसपास चित्रं घेऊन आला. वाऱ्याने स्टँड उडू नये म्हणून ते दोऱ्यांनी आणि दगडांनी बांधून ठेवायचा. सामान वाहायला त्याने तिथलाच एक मच्छीमार मदतीला घेतला होता, त्याचंही चित्र काढलं.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वाळूची. १८७० साली त्रूव्हिलच्या किनाऱ्यावर त्याने काढलेलं एक छोटं चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्याच्या रंगात वाळूचे खरे कण अडकलेले सापडले आहेत. वारा सुटला असेल, ओल्या रंगावर वाळू बसली असेल. ती वाळू आजही तिथे आहे. चित्र खरोखर किनाऱ्यावर बसून काढलं याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

आता कोणी म्हणेल, म्हणजे झटपट काढायचं आणि झालं. तसं नाही. बाहेर सुरू केलेली कितीतरी चित्रं मोनेने घरी, जिव्हर्नीच्या स्टुडिओत, नंतर बराच काळ दुरुस्त केली. मनासारखं झालं नाही तर फाडूनही टाकायचा. पाहणं घाईचं होतं, कारण उजेड थांबत नाही. पण पूर्ण करणं धीराचं होतं.

आणि लोकांनी त्याचं कौतुक केलं का? १८७४ मध्ये पॅरिसला त्याने आणि मित्रांनी स्वतःचं प्रदर्शन भरवलं. त्यात ल हाव्र बंदराचं सकाळच्या धुक्यातलं एक चित्र होतं. करडं-निळं धुकं, नारिंगी सूर्य, दोन-तीन होड्या. नाव होतं 'इम्प्रेशन, सनराइज', म्हणजे सूर्योदयाचा मनावर उमटलेला ठसा. एका टीकाकाराने या नावावरूनच सगळ्यांची टिंगल केली. यांना चित्र पूर्ण करता येत नाही असं लोकांना वाटलं. पुढे त्या टिंगलीतलंच नाव त्या चित्रकारांना कायमचं चिकटलं. इम्प्रेशनिस्ट!

हे वाचताना मला ती करड्या आभाळाची आणि रेघ नसलेल्या समुद्राची 'चिखल' वाटलेली पाटी आठवली. त्या टीकाकाराच्या जागी कोण होतं, हे वेगळं सांगायला नको.

एक जागा, पाच वेळा

मग ठरवलं की वर्गात हे करून बघायचं. नाव दिलं 'एक जागा, पाच वेळा'. पद्धत अगदी साधी. वह्यांच्या खोक्याचे पुठ्ठे कापून प्रत्येकाला एक पाटी केली. तिला चिमट्याने कागद लावला. जागा एकच, शाळेचा व्हरांडा. पाण्याजवळ जायचं नाही, हा नियम पहिला. वेळा मात्र वेगवेगळ्या. कधी शाळा भरल्यावर, कधी मधल्या सुट्टीनंतर, कधी साडेचारला. एका वेळेला फक्त पंधरा मिनिटं. त्यातली पहिली दोन मिनिटं हाताची घडी, नुसतं बघायचं. आणि कागदाच्या मागे लिहायचं: वार, वेळ, वारा, भरती की ओहोटी.

भरतीची वेळ कशी काढायची हे मुलांनी मला शिकवलं. त्यांच्या घरी आजोबा काढतात तसं. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. ढोबळ हिशेब आहे, पण आपल्या किनाऱ्यावर कामाला येतो. रोज पाऊण तास, म्हणजे जवळजवळ पन्नास मिनिटं भरती पुढे सरकते, हे विज्ञान त्यातच आलं. पाऊणकी पाठ करायचा कंटाळा करणारी पोरं कॅलेंडरवरची तिथी बघून हिशेब करू लागली. मोने लाटेत सापडल्याची गोष्ट सांगितली तेव्हा चौथीतला एक जण गंभीर तोंड करून म्हणाला, "गुरुजी, त्याच्या आजोबांनी त्याला तिथी नाय शिकवली." सगळा वर्ग हसला. नॉर्मंडीचा हिशेब वेगळा, तिथे भरती-ओहोटीतला फरक आपल्यापेक्षा कितीतरी मोठा. पण पोराचं निदान चुकलं नव्हतं!

आता मूळ गोष्टीकडे येतो. पहिला दिवस जुलैतलाच. बाहेर पाऊस थांबलेला, समुद्र चहासारखा. मुलं तपकिरी रंगावर तुटून पडली. ती मुलगी आता चौथीत होती. मी फिरत फिरत तिच्यामागे गेलो. तिच्या कागदावर समुद्र निळा होता. लख्ख निळा. वर पिवळा सूर्य, दोन पक्षी. माझंच चित्र.

समोर तपकिरी समुद्र आणि वर्गात एकटी ती निळा देत होती, कारण गुरुजींनी सांगितलं होतं की समुद्र निळा असतो.

मला काय बोलावं सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी परिपाठात मी मुलांना सांगितलं की मागच्या वर्षी मी एक चूक केली. एकीने समुद्र बघून बरोबर रंगवला होता, मी न बघता खोडला. मी चुकलो. मुलं इकडेतिकडे बघायला लागली. ती मान खाली घालून बसली. तेव्हा लाजलेली नव्हती हे मला आता कळत होतं, पण आज काय वाटतंय तेही कळेना. दुसऱ्या वेळेलाही तिने निळाच दिला. तिसऱ्या वेळेलाही.

त्याच सुमारास तिची आई मासळीची पाटी घेऊन शाळेवरून चालली होती. मी थांबवून विषय काढला. ती म्हणाली, "गुरुजी, बक्षिसाचा कागद तिने पेटीत तळाला टाकलाय. मी म्हटलं भिंतीला लाव. तर म्हणते, ते चित्र माझं नाय, गुरुजींचं हाय."

पालकहो, आठ वर्षांच्या मुलीला हे कळलं होतं. तिने खोटं बक्षीस भिंतीला लावलं नाही.

चौथ्या वेळेला मी फिरणं बंद केलं. बुदँ आठवला. मीही एक पुठ्ठा घेतला आणि तिच्या शेजारी खाली बसून समोरचा समुद्र रंगवायला लागलो. खरंच रंगवायला लागलो, आणि जमेना. माझा तपकिरी रंग नुसता शेणासारखा दिसत होता. तिला म्हटलं, "हा रंग कसा करायचा गं? मला येत नाही." ती बराच वेळ माझ्या कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आधी पांढरा घ्यायचा. मग तपकिरी थोडा थोडा." तिने स्वतःच्या झाकणात रंग कालवला. टोकाला किंचित निळाही लावला. म्हणाली, "निळा हाय, पण आत हाय." आणि तो रंग माझ्यापुढे सरकवला. माझ्या कागदाला तिने हात लावला नाही. मी लावला होता तिच्या कागदाला, हे लक्षात घ्या.

पाचव्या वेळेला तिने मला काही विचारलं नाही. पावसाची सर येत होती. तिने आभाळ आणि पाणी एकाच रंगात काढलं, रेघ न मारता. मी मागे 'छान' असंही लिहिलं नाही. वार, वेळ, वारा, भरती तिने लिहिलंच होतं. तेवढं पुरे होतं.

काय मिळालं?

हा उपक्रम मी अजूनही दरवर्षी घेतो. हिवाळ्यात पाणी निवळलं की मुलं निळा रंगही आनंदाने देतात, कारण तेव्हा तो दिसतो. सगळ्यात मोठा फायदा मला भाषेच्या तासाला झाला. रंगाचं नाव सांगू नका, कशासारखा दिसतो ते सांगा म्हटलं की मुलं बोलायला लागतात. शिशासारखा. कालच्या चहासारखा. पापलेटच्या अंगासारखा. बांगड्याच्या पाठीसारखा हिरवा-निळा. हे शब्द माझ्या डी.एड.च्या कुठल्याच पुस्तकात नव्हते. वर्णनात्मक नोंदी लिहिताना 'चित्र आकर्षक काढतो' याऐवजी 'स्वतः निरीक्षण करून रंग मिसळते' असं खरंखुरं काहीतरी लिहिता येऊ लागलं.

तुमची शाळा समुद्रापासून लांब असेल तर अडचण नाही. शाळेसमोरचं एक झाड, एक टेकडी, एक शेत निवडा. मोनेनेही पुढे गव्हाच्या गंजी आणि एका चर्चची भिंत अशीच पुन्हा पुन्हा रंगवली. माझ्या गावचं काळं रान पाऊस पडल्यावर काळंभोर दिसतं, उन्हाळ्यात भेगाळून राखाडी होतं आणि हुरड्याच्या दिवसांत दिसतच नाही. मी तिथे वीस वर्षं राहिलो आणि त्याला कायम एकच तपकिरी खडू दिला.

शिक्षकांना दोनच विनंत्या. मुलाच्या चित्रावर आपला हात चालवू नका, स्पर्धा असली तरी नाही. आणि "असा रंग असतो का?" असं म्हणण्याआधी एकदा मान वळवून बाहेर बघा. पालकांना एकच. घरी मुलाने जांभळा डोंगर काढला तर लगेच दुरुस्त करू नका. "कधी दिसला रे असा?" एवढंच विचारा. बहुतेक वेळा उत्तर मिळतं. न मिळालं तरी बिघडत नाही.

ती मुलगी आता कॉलेजला जाते. वाणिज्य शाखा घेतली आहे. चित्रकार वगैरे झालेली नाही, होणारही नाही बहुधा. मध्यंतरी रस्त्यात भेटली तेव्हा थांबून बोलली. मी विचारलं, चित्र काढतेस का गं? "नाय गुरुजी, वेळच नसतो," म्हणाली. मग खाडीकडे बघून हसली आणि म्हणाली, "आज बांगड्याचा रंग हाय ना?"

मी मान वळवून पाहिलं. होता.

तुमच्या वर्गात 'एक जागा, पाच वेळा' करून बघा. आणि समुद्राचा रंग कोणता असं कोणी विचारलं, तर उत्तर देण्याआधी त्यालाच विचारा, "कधीचा?"